केळ्यावरचं चिलट आणि पेशीचं घर

श्रावणात सत्यनारायणासाठी डझनभर केळी आणावीत, प्रसाद वाटून चार-दोन उरावीत, आणि तिसऱ्या दिवशी फडकं उचलून पाहावं तर बारीक चिलटांचा थवाच्या थवा भस्सकन तोंडावर उडावा, हा अनुभव कुठल्या गृहिणीला नाही? औशात काय, लातूरला काय अन् पुण्या-मुंबईला काय, केळं काळं पडायला लागलं की ही मंडळी आमंत्रण नसताना हजर! आपण फडकं झटकतो, केळी गाईला घालतो आणि मोकळ्या होतो.

पण मैत्रिणींनो, पुण्याला पाषाण भागात एक मोठी संस्था आहे, तिथे हीच चिलटं हजारोंनी पाळतात. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक होतो, त्यांच्या खोलीचं तापमान राखलं जातं, त्यांच्या कुळांची नावनिशी वह्यांतून आणि संगणकात ठेवली जाते. संस्थेचं नाव भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. सगळे तिला ‘आयसर’ म्हणतात. २००६ साली ती सुरू झाली. तिथल्या डॉ. रिचा रिखी या जीवशास्त्रज्ञ बाई या चिलटाच्या अंड्यात डोकावून एकच प्रश्न विचारत आल्या आहेत : पेशीचं घर आतून बांधलं कसं जातं?

हे सारं लिहायला कारण घडलं आमच्याच गल्लीत. एका मैत्रिणीची लेक बारावीला लातूरला होती. आमच्याकडे मुलगी हुशार निघाली की औसा ते लातूर हे वीस किलोमीटरचं अंतर ठरलेलंच. तिथे खोली, मेस, शिकवणी आणि डोळ्यांसमोर एकच शब्द, डॉक्टर. ‘लातूर पॅटर्न’चं नाव महाराष्ट्रभर झालंय ते काही उगीच नाही. तर ही पोर एक दिवस आईला म्हणाली, “मला डॉक्टर नाही व्हायचं, मला पेशीवर संशोधन करायचंय.” आई माझ्याकडे आली, पदरानं वारा घेत खाली बसली आणि म्हणाली, “बाई, तिनं मोबाइलवर दाखवलं मला. तिथल्या बाया माश्या मोजतात म्हणे! माश्या मोजायला का शिकवलं आपण हिला?”

प्रश्न रास्त होता. म्हणून आधी माश्यांचंच पाहू या.

चिलटांचा स्वयंपाक

शास्त्रज्ञ याला ‘ड्रोसोफिला’ म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘फळमाशी’ असं लिहिलेलं असतं. पण शेतकरी ज्या फळमाशीसाठी आंब्याच्या आणि पेरूच्या बागेत सापळे टांगतात ती निराळी. ती मोठी असते, चांगल्या फळाला टोचून आत अंडी घालते आणि नुकसान करते. आपलं हे चिलट बिचारं पिकून उतू गेलेल्या फळावरच येतं. त्याला ओढ फळाची कमी आणि त्यावर धरलेल्या आंबूसपणाची जास्त. अडीच-तीन मिलिमीटर लांबी, पिवळसर तपकिरी अंग, लालबुंद डोळे. भिंग असेल तर एकदा पाहाच, डोळे खरंच माणकासारखे दिसतात.

प्रयोगशाळेत यांचं जेवण म्हणजे मक्याचं पीठ, साखर किंवा गूळ, यीस्ट आणि घट्टपणा यायला अगार. मोठ्या भांड्यात हे सगळं रटरटवून लापशीसारखं करायचं, बुरशी धरू नये म्हणून औषधाचे थेंब घालायचे, गरम असतानाच बाटल्यांत ओतायचं आणि थिजलं की वर माश्या सोडून कापसाचं बूच बसवायचं. गुठळी झाली, पातळ राहिलं, तर माश्या चिकटून मरतात. म्हणजे इथेही हाताला अंदाज लागतोच! पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून पंख असलेली माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. म्हणजे वर्षभरात पस्तीस-छत्तीस पिढ्या. आपल्याकडे पणजी ते पणती होईतो शंभर वर्षं जातात, इथे दीड महिना.

माशी मोजणं हे मात्र खरंच असतं. वायूनं क्षणभर गुंगी आणून त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात आणि रंगकामाच्या बारीक ब्रशनं एकेक बाजूला करतात. नर इकडे, मादी तिकडे, वाकड्या पंखाची निराळी, पांढऱ्या डोळ्याची निराळी. कुणाचा संबंध कुणाशी लावायचा हे संशोधक ठरवतो, त्यामुळे मादी कोषातून निघाल्यापासून साधारण आठ तासांच्या आत वेगळी काढावी लागते. पाहुणे आले, सण आला, तरी ती वेळ चुकवून चालत नाही. तांदूळ निवडणाऱ्या बाईला या कामाचं नवल वाटू नये!

नवरा, बायको आणि दुधाच्या बाटल्या

या माशीला विज्ञानात मान मिळवून दिला तो अमेरिकेतल्या टॉमस हंट मॉर्गन यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली त्यांची लहानशी खोली पिकलेल्या केळ्यांच्या वासानं भरलेली असे. माश्या ठेवलेल्या असत काचेच्या दुधाच्या बाटल्यांत. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या लेकी-सुना, नातवंडं-पतवंडं मोजता मोजता हे सिद्ध झालं की आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर ठरावीक जागी बसलेले असतात. १९३३ साली मॉर्गनना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या पैशांतला वाटा त्यांनी दोघा सहकाऱ्यांना त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी दिला, ही मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट.

पण या खोलीत आणखी एक व्यक्ती होती, तिचं नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. लिलियन व्हॉन मॉर्गन, म्हणजे मॉर्गनांची बायको. लग्नाआधीच ती स्वतः जीवशास्त्रज्ञ होती, तिचे निबंध छापून आलेले होते. १९०४ साली लग्न झालं, चार मुलं झाली आणि सूक्ष्मदर्शक कपाटात गेला. मुलं शाळेला जायला लागल्यावर ती पुन्हा नवऱ्याच्या प्रयोगशाळेत येऊन बसली. हुद्दा नाही, पगार नाही, एक टेबल तेवढं. आणि १९२१ साली तिला एक विचित्र मादी दिसली. त्या गुणाच्या बाबतीत नेहमी लेकी बापावर जात आणि मुलगे आईवर. या मादीच्या लेकी मात्र सगळ्या आईवर आणि मुलगे सगळे बापावर गेलेले! लिलियननं ओळखलं, हिची दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली आहेत, ती वेगळी होतच नाहीत. गुणसूत्रांवरच गुण बसलेले असतात याचा हा आणखी एक बळकट पुरावा होता, आणि तशा माश्या आजही प्रयोगशाळांत वापरतात. तिला अधिकृत हुद्दा मिळाला तो १९४६ साली, नवरा वारल्यानंतर आणि स्वतःची पंचाहत्तरी उलटल्यावर. यावर काय बोलावं? तिची धाकटी लेक इझाबेल पोलिओच्या लशीवर काम करून मोठी शास्त्रज्ञ झाली आणि १९४९ साली लग्न झाल्यावर तिनंही ते काम सोडलं.

वीट नव्हे, नांदतं घर

आता पेशीकडे वळू. शाळेत आपल्याला शिकवलं, इमारतीला वीट तशी शरीराला पेशी. मला ही उपमा मुळीच पटत नाही. वीट आतून भरीव आणि मुकी. पेशी म्हणजे नांदतं घर आहे. तिला भोवती पातळ पडदा आहे, त्यातून काय आत घ्यायचं आणि काय बाहेर टाकायचं ते ठरतं. मध्ये केंद्रक आहे. घराण्याची सगळी कागदपत्रं, म्हणजे डीएनए, तिथे जपून ठेवलेली असतात. पुड्या बांधून माल इकडून तिकडे पाठवण्याची सोय आहे, तुळया-वासे आहेत आणि ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका आहेत. त्यांना घरातल्या शेगड्या म्हणा.

हे सगळं आपल्या पेशीत आहे तसंच माशीच्या पेशीतही आहे. २००० साली माशीच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं या चिलटात आहेत. म्हणून तर तिच्यावर एवढा जीव! माणसाच्या गर्भात पहिल्या तीन तासांत काय घडतं ते उघड्यावर ठेवून पाहता येत नाही. माशीचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. घरात कपड्यांना वापरतो तसल्या ब्लीचच्या पाण्यात धुतलं की वरचं कवच निघून जातं, आणि आतला जीव जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागतो.

आणि काय दिसतं म्हणता? इथे खरी गंमत आहे.

माणसाच्या गर्भात एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पूर्ण पेशी होत जातात. माशीचं तसं नाही. तिच्या अंड्यात नुसती केंद्रकंच दुप्पट दुप्पट होत जातात, मध्ये भिंत म्हणून नाहीच. सुरुवातीला तर दर आठ-दहा मिनिटांनी एक फेरी! अशा तेरा फेऱ्या. पहिल्या काही फेऱ्या अंड्याच्या पोटात होतात; मग केंद्रकं वर सरकतात आणि पृष्ठभागाखाली एका थरात ओळीनं बसतात. शेवटी होतात सुमारे सहा हजार केंद्रकं, एकाच सामाईक दिवाणखान्यात. आणि मग तासाभरात प्रत्येक दोन केंद्रकांच्या मधून वरचा पडदा खाली उतरायला लागतो, सगळीकडे एकदम, आणि बघता बघता सहा हजार वेगवेगळ्या पेशी तयार.

नारळाच्या वड्या आठवा. सारण ताटात थापायचं, वर अंतरा-अंतरानं एकेक चारोळी टोचायची, आणि मग सुरी अशी चालवायची की प्रत्येक वडीत एक चारोळी येईल. माशीचं अंडं हेच करतं. फक्त तिथे सुरी बाहेरून येत नाही, वडीच स्वतःला कापून घेते.

आता सहा हजार खोल्यांच्या भिंतींना एवढा पडदा आणायचा कुठून? काही आतल्या साठ्यातून येतो. काही मात्र वरच असतो, बारीक बारीक चुण्या घालून ठेवलेला. नऊवारीच्या निऱ्या सोडल्या की केवढं लांब कापड निघतं! तशा त्या चुण्या उलगडतात आणि भिंत खाली उतरते.

डॉ. रिखी यांचं नाव झालं ते याच्याही आधीच्या एका प्रश्नावर. भिंती उतरण्यापूर्वी, सगळी केंद्रकं एकाच दिवाणखान्यात असताना, वरचा पडदा सगळ्यांचा सामाईक असतो की जिचा तिचा वेगळा? अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ बाईंच्या प्रयोगशाळेत त्या काम करत असताना हे शोधलं गेलं. युक्ती अशी : समुद्रातल्या जेलीफिशच्या अंगात एक हिरवं चमकणारं प्रथिन असतं. त्याचं जनुक माशीत घालून पडद्यालाच चमक आणायची. मग लेसरच्या झोतानं एका ठिकाणची चमक विझवायची आणि वाट पाहायची. सामाईक पडदा असेल तर शेजारपाजारची चमक वाहत येऊन तो डाग भरून निघेल. पण तसं झालं नाही. एका केंद्रकावरची चमक शेजारणीच्या हद्दीत जातच नव्हती! म्हणजे सुरी लागायच्या आधीच वड्यांच्या रेघा आखलेल्या होत्या. २००९ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

जुन्या वाड्यात चार जावा नांदायच्या, मध्ये भिंत नसायची. तरी कुणाची चूल कुठे संपते आणि कुणाची उतरंड कुठे सुरू होते ते पावलाला ठाऊक असायचं की नाही? तसंच काहीसं हे. आणि ही हद्द राखायचं काम करतात पडद्याखालचे बारीक प्रथिनांचे धागे. औषध देऊन ते मोडले की शेजार एकमेकांत मिसळू लागतो.

शेगड्या कुठे मांडायच्या

पुण्याला आल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेनं तंतुकणिकांकडे, म्हणजे आपल्या शेगड्यांकडे, लक्ष वळवलं. या तंतुकणिका एकमेकींना जुळून लांब होतात आणि तुटून लहान होतात, सारखं चाललेलं असतं. माशीच्या अंड्यात त्या अगदी लहान तुकड्यांत असतात, आणि बहुतेक खालच्या अंगाला. भिंती उतरू लागल्या की त्या वर सरकतात. हे निरीक्षण २०१७ साली प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी तोडायचं काम करणारं प्रथिनच कमी करून पाहिलं. तुकडे होईनात, तंतुकणिका एकमेकींना चिकटून झुबके झाले, ते खालीच अडकले आणि वर भिंती उतरायचं कामही बिघडलं. पंगत मोठी असली की एकच मोठी चूल उपयोगाची नाही, आचारी चार ठिकाणी शेगड्या मांडतो. इथेही तसंच निघालं.

आणखी एक काम आपल्याला जवळचं वाटावं असं आहे. माशीच्या अंडाशयात अंड्याभोवती रक्षण करणाऱ्या पेशींचं एक अस्तर असतं. या पेशी काही काळ वाढतात आणि मग वाढ थांबवून आपापल्या नेमून दिलेल्या कामाला लागतात. २०१२ साली रिखी आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तंतुकणिकांचे तुकडे होऊ दिले नाहीत तर या पेशी कामाला लागतच नाहीत, नुसत्या वाढत राहतात. वाढ कधी थांबवायची हे विसरलेली पेशी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्या घरात एखादीच्या छातीत गाठ निघाली आहे त्या घरात तर नकोच. मात्र यातून कर्करोगावर औषध मिळालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मिळालं ते एवढंच की शेगडीचा आकार आणि पेशीचा स्वभाव यांची गाठ आहे, आणि ती कुठे मारलेली आहे. औषधं अशाच धाग्यांना धरून वर्षानुवर्षांनी येतात. कधी येतही नाहीत.

कुलाब्याचं माहेर

डॉ. रिखी यांनी पीएचडी केली मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. भारतातल्या चिलट-संशोधनाचं माहेर हेच म्हणायला हरकत नाही. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि सत्तरीच्या दशकात तिथे माश्या आल्या. रिखींचे गुरू के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली ‘शिबिरे’ नावाच्या माशीवर काम चाले. जपानीत त्याचा अर्थ बधिर. ही माशी एरवी ठणठणीत, पण तीस अंशांच्या आसपास ऊन लागलं की लोळागोळा होऊन पडते आणि गार केलं की पुन्हा उठून चालू लागते! आमच्या औशाच्या मे महिन्यात तिचं कठीणच होतं म्हणायचं. कारण असं, की नसेच्या टोकाशी निरोप पोचवायला रसायनाच्या पुड्या असतात. पुडी रिकामी झाली की तिचा कागद कापून, दुमडून पुन्हा वापरायचा असतो. या माशीत ती कात्रीच उष्णतेनं अडकते. पुड्या संपतात आणि हातपाय थांबतात. त्या कात्रीला लागणारं इंधन कोण पुरवतं, हे शोधणाऱ्या २००१ सालच्या निबंधात कृष्णन यांच्याबरोबर रिखींचंही नाव आहे.

याच संस्थेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज होत्या. मूळ घराणं गोव्याकडचं, जन्म १९५३ चा, केनियातला. डब्लिनला शिकत असताना सिद्दिकींचे निबंध वाचून त्या इकडे आल्या, आणि माशीला गोड कळतं कसं, वास कळतो कसा, यामागची जनुकं शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. साखर पुढे ठेवली तरी ढुंकून न पाहणाऱ्या माश्या त्यांनी शोधून काढल्या होत्या. पुढे त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या, मग बंगळूरला गेल्या. स्तनाच्या कर्करोगानं त्यांना गाठलं, उपचार चालू राहिले आणि संशोधनही चालू राहिलं. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्या गेल्या.

मग लेकीला पाठवावं का?

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. मी तिला गोडगोड काही सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

वाट लांब आहे. आयसरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्याला वेगळी प्रवेशपरीक्षा. मेडिकलची चालत नाही. नंतर पीएचडीला पाच-सहा वर्षं. पुढे बहुधा परदेशात दोन-चार वर्षं, आणि मग कुठे कायम नोकरीचा विचार. मुलगी तोवर तिशी ओलांडते. आत्याबाई, मावश्या विचारत राहणार, “अजून शिकतेच का?” त्यांना उत्तर आईनंच द्यायचं असतं, हे विसरू नका.

पण दुसरी बाजूही खरी आहे. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये शिष्यवृत्ती ठरलेली आहे, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पोर त्या काळात बापाकडे हात पसरत नाही. बारावीला बोर्डात अगदी वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. अर्ज वेळेवर करावा लागतो, कागदपत्रं हाताशी ठेवावीत.

मोठी अडचण पैशाची नाहीच, लिलियनबाईंची आहे. लग्न झालं, मूल झालं की सूक्ष्मदर्शक कपाटात! जर्मनीच्या क्रिस्टिआनं न्यूसलाइन-फोल्हार्ड यांनी याच चिलटावर काम केलं. अळीचं अंग कसं घडतं हे ठरवणारी जनुकं त्यांनी शोधली आणि १९९५ साली दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळवलं. नंतर २००४ साली त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं. ते काय करतं? मुलं लहान असलेल्या तरुण संशोधक बायकांना महिन्याला काही रक्कम देतं, पुस्तकांसाठी नव्हे, उपकरणांसाठी नव्हे, तर घरकामाला बाई ठेवायला आणि मूल सांभाळायला! भांडी घासणाऱ्या हातांमुळे शोध लागतात, हे नोबेल मिळवलेल्या बाईनं हिशेबात धरलं. (त्यांनी स्वयंपाकाचं पुस्तकही लिहिलं आहे, तेव्हा घरकामाचं त्यांना वावडं होतं असं समजू नये.) आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान विभागानं २००२-०३ साली घरासाठी काम सोडलेल्या स्त्री-वैज्ञानिकांना परत आणण्याची योजना सुरू केली. पण सासरी तिचं कपाट उघडून देणारं कुणी आहे का, हे काही दिल्लीहून ठरत नाही.

मैत्रीण सगळं ऐकून घेऊन गेली. मुलीनं त्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला. मेडिकलचाही भरला. दोन्हींचे पैसे आईनं भिशीतून काढले, एवढं मला ठाऊक आहे.

बाटलीतली शाळा

शेवटी घरच्यापुरतं. चिलटं फार झाली असतील तर एका पेल्यात दोन बोटं सिरका घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाका, वर कागदाचा शंकू उलटा बसवा आणि टोकाला बारीक छिद्र ठेवा. वासानं आत जातात, वर येत नाहीत. ओल्या कचऱ्याचा डबा आठवड्यातून एकदा नव्हे, रोज रिकामा करा. मोरीच्या जाळीत अडकलेली साल आणि ओट्यामागं पडलेला टोमॅटो यांतच त्यांचं बाळंतपण झालेलं असतं.

आणि घरात शाळकरी मूल असेल तर सगळी मारण्याआधी एवढं करा. मुरंब्याच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवून बाटली दिवसभर उघडी ठेवा. आठ-दहा चिलटं आत गेली की तोंडाला मलमलीचं फडकं बांधा आणि बाटली सावलीत ठेवा. भिंगातून पाहिलं तर पोटाचं टोक काळं आणि गोलसर तो नर, मोठी आणि पोटावर शेवटपर्यंत पट्टे असलेली ती मादी. तीन-चार दिवसांनी मोठ्या माश्या सोडून द्या. केळ्यात पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. त्या खाऊन खाऊन फुगतात, मग काच चढून वर येतात आणि तिथेच चिकटून तपकिरी गव्हाच्या दाण्यासारख्या होतात, फक्त दाण्याहून कितीतरी लहान. मुलाला रोज एक ओळ वहीत लिहायला सांगा, तारखेसकट. दहाव्या-बाराव्या दिवशी नव्या माश्या निघतात, पहिला तासभर फिकट आणि पंख दुमडलेले. त्या पाहून झाल्या की बाटली अंगणात नेऊन उघडावी. स्वयंपाकघरात मुळीच नको!